पाटील एस. आणि इतर

पबमेड म्हणजे वैद्यकीय शोधनिबंधांची, आमच्या भाषेत पेपरांची, ऑनलाइन सूची. तिच्या चौकटीत 'पाटील एस' एवढंच टाकून शोधून बघा. सुनीता, संभाजी, सचिन, स्मिता, सुहास, शिवाजी सगळे एका रांगेत उभे राहतात. कुणी बेळगावचे दंतवैद्य, कुणी पुण्यातले हाडांचे डॉक्टर, कुणी अमेरिकेत जनुकांवर काम करणारे. यातले आमच्या कॉलेजातले पाटील सर कोणते, हे शोधून काढायचं आणि त्यांनी लिहिलेल्या पेपरांची यादी सही-शिक्क्यासाठी तयार ठेवायची, हे माझं काम. मी कोल्हापुरातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आहे. लोकांना वाटतं, ग्रंथपाल म्हणजे पुस्तकं देणं-घेणं. ते तर आहेच. पण प्रमोशनच्या फायलींचा हंगाम आला की पुस्तकांकडे बघायला वेळ नसतो. कोल्हापूर जिल्ह्यात हे काम करणाऱ्याला पाटलांच्या नावावर वेगळा भत्ता मिळायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

गुगल स्कॉलरवर तर आणखी गंमत. २००४ साली ते सुरू झालं आणि सगळ्यांची सोय झाली हे खरं, पण ते यंत्र नावावरून अंदाज बांधतं. आमच्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमच्या प्रोफाइलवर उसाच्या मळीपासून अल्कोहोल करण्यावरचा पेपर येऊन बसला होता, आणि त्याला त्यांच्या सगळ्या पेपरांपेक्षा जास्त सायटेशन्स होते, म्हणजे इतरांनी आपल्या पेपरांत त्याचा आधार जास्त वेळा घेतला होता. "राहू दे की मॅडम, कोण बघतंय," असं त्यांचे रेसिडेंट म्हणाले. मॅडमनी काढायला लावला. सगळे काढायला लावत नाहीत.

बायकांच्या बाबतीत उलटा घोळ. एमडी करताना माहेरच्या आडनावानं दोन पेपर, लेक्चरर झाल्यावर सासरच्या आडनावानं पाच, मधेच एकदा नवऱ्याचं नाव मधलं नाव म्हणून आलेलं, एकदा वडिलांचं. संगणकाच्या लेखी या तीन-चार बायका. एका मॅडमच्या दोन नावांचे एच-इंडेक्स, म्हणजे सायटेशन्सवरून काढलेला एक आकडा, तो पुढे सांगते, चार आणि चार दिसत होते. दोन्ही याद्या एकत्र केल्यावर तो सात झाला. त्यांच्या कामात काडीचा फरक पडलेला नव्हता, फरक लग्नाचा होता. ऑक्टोबर २०१२ मध्ये ऑर्किड नावाचा सोळा अंकी नंबर सुरू झाला, फुकट मिळतो, नाव बदललं तरी नंबर तोच राहतो. नवीन रेसिडेंट जॉइन झाला की मी आधी त्याला ऑर्किड काढायला लावते आणि मग लायब्ररी कार्ड देते. नियमात असं कुठं लिहिलेलं नाही, पण कार्ड माझ्या हातात आहे.

आता हा एच-इंडेक्स म्हणजे काय, ते एकदा हातानं काढून बघितल्याशिवाय कळत नाही. पाच पेपरांना प्रत्येकी निदान पाच सायटेशन्स असतील तर पाच, सहांना निदान सहा असतील तर सहा. मी प्रत्येकाला कागदावर काढायला लावते. एका तरुण असोसिएट प्रोफेसरांचं उदाहरण सांगते. त्यांचे पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमानं मांडले: पहिल्याला ३४, मग १९, ११, ८, ६, ५, २, १ आणि शेवटच्याला शून्य. आता डावीकडे अनुक्रमांक घालायचे आणि खाली उतरत जायचं. पाचव्या पेपरला सहा सायटेशन्स, म्हणजे पाच तरी आहेत, ठीक. सहाव्या पेपरला पाच. सहा पाहिजेत, नाहीत. इथं थांबायचं. एच-इंडेक्स पाच.

डॉक्टर त्या सहाव्या ओळीकडे बघत राहिले. एकच कमी पडत होता. त्या सहाव्या पेपरला कुणीतरी आणखी एकदा उद्धृत केलं की पाचाचे सहा. मग ते जे बोलले ते या धंद्यातला प्रत्येक जण बोलतो: "माझाच पुढचा पेपर छापायला गेलाय. त्यात हा घालता येईल की." येतो. अगदी सहज येतो. शेवटच्या परिच्छेदात 'आमच्या आधीच्या अभ्यासातही असंच आढळलं' असं एक वाक्य टाकलं की झालं. कधीकधी ते वाक्य खरंही असतं. स्वतःचं आधीचं काम सांगणं यात काही गैर नाही. एखादा माणूस वर्षानुवर्षं एकाच आजारावर काम करत असेल तर तो स्वतःचं नाव घेणार नाही तर कुणाचं घेणार? पण वाक्य आधी सुचलं की आकडा आधी सुचला, हे त्या माणसाशिवाय कुणालाच कळत नाही. मला तर नाहीच.

हा हिशोब शोधला हॉर्खे हिर्श या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकानं, कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगोला, २००५ साली. डॉक्टरी पेशाचा त्या हिशोबाशी संबंध नव्हता. पण आकडा सोपा निघाला, आणि सोपा आकडा दिसला की कमिट्यांना हायसं वाटतं. या आकड्याचे दोन स्वभाव लक्षात ठेवण्यासारखे आहेत. एक म्हणजे तो कधी खाली येत नाही. माणूस निवृत्त झाला, काम सोडलं, वारला, तरी तो वर जाऊ शकतो, खाली नाही. दुसरा स्वभाव आमच्या गावाला सांगायचा तर असा: एखाद्या पैलवानानं खासबागेच्या कुस्ती मैदानात एकच कुस्ती निकाली केली आणि ती तीन पिढ्या सांगत बसल्या, तरी या हिशोबात ती एकच कुस्ती धरली जाते. हजारो सायटेशन्सचा एक पेपर असला आणि दुसरा काहीच नसला, तर एच-इंडेक्स एक. खुद्द हिर्श यांनीही पुढे, २०२० मध्ये, या मोजमापाचे वाईट परिणाम होऊ शकतात असं लिहून ठेवलं. तोवर जगभरच्या फॉर्मांत त्याचा रकाना छापून झाला होता.

मला या सगळ्यात जवळचा वाटतो तो यूजीन गारफिल्ड. कारण तो आमच्यातला. रसायनशास्त्र शिकला, पण १९५४ साली कोलंबिया विद्यापीठातून ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतली. १९५५ साली 'सायन्स' या नियतकालिकात त्यानं एक लेख लिहिला आणि सुचवलं की कुठल्या पेपरनं कुठल्या जुन्या पेपरचा आधार घेतलाय याची उलटी सूची करावी. म्हणजे जुना पेपर हातात असेल तर त्याच्यानंतर त्यावर कोण काय म्हणालं ते सापडेल. १९६४ पासून ही सूची छापील खंडांच्या रूपात नियमित निघू लागली.

कल्पना त्याची स्वतःची नव्हती, आणि ते त्यानं कधी लपवलं नाही. ती वकिलांकडून आली. अमेरिकेत फ्रँक शेपर्ड नावाच्या माणसानं १८७३ पासून न्यायनिवाड्यांची अशी सूची चालवली होती. कुठल्या खटल्याचा आधार पुढे कुठल्या खटल्यात घेतला गेला, आणि मुख्य म्हणजे तो निवाडा अजून उभा आहे की वरच्या कोर्टानं फिरवलाय, हे वकिलाला त्या सूचीत बघता येई.

आमच्याकडे हे समजावून सांगायला आता फार लांब जावं लागत नाही. कित्येक वर्षांच्या मागणीनंतर १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं, तेही भाऊसिंगजी रोडवर, सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या समोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत. रस्त्याच्या एका बाजूला डॉक्टर, दुसऱ्या बाजूला वकील, मधे चहाच्या टपऱ्या. आमच्या शेजारचे वकीलकाका तिथं जाऊन आले की मी त्यांना मुद्दाम विचारते, आज कुठले निवाडे दाखवले. ते म्हणतात, "दाखवायच्या आधी बघायला लागतं बाई, ओव्हररूल झालाय का ते. फिरवलेला निवाडा पुढे केला की समोरचा वकील तिथंच धरतो. मग अशिलाला तोंड दाखवायची सोय राहत नाही."

वकिलाच्या लेखी एखादा निवाडा किती ठिकाणी वापरला गेला याला किंमत आहे, पण आधी तो उभा आहे का हे महत्त्वाचं. गारफिल्डलाही हेच हवं होतं. त्या १९५५ च्या लेखात त्याची मोठी काळजी ही होती की खोटी, अपुरी किंवा जुनाट झालेली माहिती पुढचे लोक न तपासता उद्धृत करत राहतात. सूची असली तर त्या पेपरवर झालेली टीकाही हाताशी येईल. डॉक्टरी जगानं वकिलांकडून ही पद्धत उचलली आणि रस्ता ओलांडताना मोजणी तेवढी हातात राहिली. फिरवलेला निवाडा बघायची सवय मागंच पडली.

लसीकरणावरचा अँड्र्यू वेकफिल्डचा पेपर घ्या. १९९८ साली 'लॅन्सेट'मध्ये आला, अवघ्या १२ मुलांवरचा. गोवर, गालगुंड आणि रुबेलावरच्या एमएमआर लशीचा ऑटिझमशी संबंध असावा अशी शंका त्यातून पसरली. २०१० मध्ये 'लॅन्सेट'नं तो मागे घेतला. या पेपरला सायटेशन्स किती तरी आहेत, आणि त्यातले बहुतेक तो कसा चूक आहे हे सांगण्यासाठी दिलेले. आकड्याला हे कळत नाही. शिवी दिली तरी एक, शाबासकी दिली तरी एक. आमच्या एका स्क्रुटिनीच्या, म्हणजे प्रमोशनच्या फायली तपासायच्या, बैठकीत मी हे सांगितलं तेव्हा बाहेरून आलेले एक सदस्य म्हणाले, "ते अपवाद झाले." बरोबर आहे, अपवादच. पण मागे घेतलेले पेपर आपल्या संदर्भयादीत आहेत का हे आपल्याकडे किती जण बघतात, हा प्रश्न तेव्हाही तसाच राहिला. थिसिस बाइंडिंगला जाण्याआधी मी निदान तेवढं बघून देते. दोनदा सापडलंय. गाईडना आवडलं नाही.

सगळ्यात जास्त उद्धृत झालेला पेपर कुठला असेल, असा प्रश्न मी कधीकधी पहिल्या वर्षाच्या मुलांना घालते. मुलं पेनिसिलिन म्हणतात, डीएनए म्हणतात. तो आहे ऑलिव्हर लाउरी यांचा, १९५१ सालचा, द्रावणात प्रथिनं किती आहेत ते मोजायच्या पद्धतीवरचा. २०१४ साली 'नेचर'नं सर्वाधिक उद्धृत शंभर पेपरांची यादी काढली तेव्हा त्याला तीन लाखांवर सायटेशन्स होते. वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरचा पेपर त्या शंभरांत नव्हताच. लाउरींनी स्वतःच म्हणून ठेवलंय की हा काही थोर पेपर नव्हे. प्रथिनं मोजायचा प्रत्येक प्रयोग करणारा त्या पद्धतीचं नाव लिहीत गेला, एवढंच. बायोकेमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला तो निळा रंग ज्यांनी उतरवलाय त्यांना कळेल. आणि मला यात काही कमीपणाही वाटत नाही. चांगलं अवजार करून देणाऱ्याचं नाव घेतलंच पाहिजे. फक्त ती यादी थोरवीची यादी म्हणून वाचू नये.

शंभुनाथ डे यांची गोष्ट मात्र मी सांगायला लागले की थांबत नाही, असं आमचे शिपाईमामा म्हणतात. डे हे कलकत्त्याचे पॅथॉलॉजिस्ट. कॉलऱ्याच्या जंतूत विष असावं असं रॉबर्ट कॉखनं १८८४ सालीच म्हटलं होतं, पण ते दाखवता कुणालाच येत नव्हतं. डे यांनी सशाच्या आतड्याचा छोटा भाग दोऱ्यानं दोन्हीकडून बांधला आणि त्या बंद तुकड्यात जंतू सोडले. आतडं पाण्यानं फुगलं. मग पुढची पायरी: जंतूच गाळून काढले आणि जंतू नसलेलं नुसतं गाळलेलं पाणी आत घातलं. तरीही फुगलं. म्हणजे काम विषाचं. १९५९ साली 'नेचर'मध्ये हा पेपर छापून आला. साधनं बघितली तर ससा, दोरा, गाळणी. कॉलऱ्याचा रुग्ण पाण्याअभावी का मरतो याचं उत्तर त्यात होतं.

आणि मग बराच काळ सामसूम. पेपरकडे फारसं कुणी बघितलं नाही. देशातल्या एकाही विज्ञान अकादमीनं डे यांना सदस्य केलं नाही. विषाच्या शोधाचं महत्त्व जगाला पटेपर्यंत वर्षं गेली, १९७८ साली त्यांना नोबेल परिसंवादाला बोलावणं आलं, नोबेल विजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी त्यांचं नाव नोबेलसाठी सुचवलं. १९८५ मध्ये डे वारले. पुढच्याच वर्षी त्यांच्यावर सविस्तर लेख लिहिला तो यूजीन गारफिल्डनं. आपल्याच सूचीतून त्यानं कॉलऱ्यावरच्या संशोधनाचा नकाशा काढला आणि त्या नकाशात डे कुठं आहेत ते दाखवलं. आकड्यांचं यंत्र बनवणाऱ्या माणसानं तेच यंत्र वापरून, आकड्यांत उशिरा उगवलेल्या माणसाला शोधून काढलं. यंत्राचा इतका चांगला उपयोग मी दुसरा पाहिलेला नाही. पण समजा, १९६३-६४ साली डे यांची प्रमोशनची फाईल माझ्यासारख्या एखाद्या बाईकडे आली असती, तर मी काय छापून दिलं असतं? सायटेशन्सच्या रकान्यात किरकोळ काहीतरी. सही, शिक्का, पुढची फाईल.

आपल्याकडे मेडिकल कॉलेजात शिकवणाऱ्याला बढतीसाठी पेपर हवेत, ही अट बरीच वर्षं आहे. तपशील बदलत राहतात. कधी पहिलं नावच धरायचं, कधी पहिल्या तिघांपैकी चालेल, कुठल्या सूचीतलं जर्नल चालेल, केस रिपोर्ट धरायचा की नाही. प्रत्येक परिपत्रकासरशी आमच्याकडच्या नावांचा क्रम बदलतो. अट मुळात चुकीची आहे असं मी म्हणणार नाही; शिकवणाऱ्यानं काहीतरी शोधावं, लिहावं, ही अपेक्षा रास्त आहे. पण ज्याची ओपीडी सकाळी नऊला सुरू होऊन दुपारी तीनला संपते, ज्याच्या वॉर्डात खाटेखाली गादी टाकून रुग्ण ठेवलेत, त्याला अट पूर्ण करायला एकच दार उघडं दिसतं. 'ग्रीटिंग्ज ऑफ द डे' म्हणून सुरू होणारी ईमेल. आपण थोर प्राध्यापक आहात, आपला लेख चार दिवसांत छापू, शुल्क अमुक डॉलर. हृदयरोगाच्या माणसाला माशांच्या पैदाशीच्या जर्नलकडून आमंत्रण आलेलं मी पाहिलंय. 'सायन्स'च्या जॉन बोहॅनन या पत्रकारानं २०१३ मध्ये मुद्दाम ढोबळ चुकांनी भरलेला खोटा पेपर ३०४ जर्नलांना पाठवला होता, १५७ जणांनी स्वीकारला. आमच्या रेसिडेंटना हे सांगितलं की हसतात. मग हळूच विचारतात, "त्या १५७ ची यादी आहे का?"

साहेबांचं नाव घालायचा रिवाज तर सगळ्यांनाच ठाऊक आहे. एचओडींचं, म्हणजे विभागप्रमुखांचं, नाव शेवटी. कधी एचओडींच्या जुन्या मित्राचं मधे. ज्या रेसिडेंटनं रात्री बारा वाजता लेबर रूमच्या रजिस्टरातून नोंदी उतरवल्या त्याचं नाव चौथं. रजिस्टर शोधून देणाऱ्या सिस्टरांचं कुठेच नाही.

दरवर्षी आकड्यांचा एक उत्सवही असतो. स्टॅनफर्डच्या जॉन आयोनिडिस यांच्या गटानं सायटेशन्सवरून काढलेली आघाडीच्या दोन टक्के शास्त्रज्ञांची यादी येते, आणि गावात डिजिटल फलक लागतात. 'जगातील दोन टक्के शास्त्रज्ञांत निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' बाजूला फेटा बांधलेला फोटो, खाली शुभेच्छुकांत गल्लीतलं तरुण मंडळ. मला ते डिजिटल मनापासून आवडतात, हे आधीच सांगते. नगरसेवकाच्या वाढदिवसाशेजारी एखाद्या संशोधकाचा चेहरा लागतोय, तर लागू दे. पण ती 'निवड' नसते. कुणी बसून निवडलेलं नसतं, संगणकानं हिशोब केलेला असतो. आणि त्याच तक्त्यात स्वतःच स्वतःला किती टक्के उद्धृत केलं याचाही रकाना आहे. तो रकाना डिजिटलवर घ्यायची पद्धत अजून पडलेली नाही.

खरं काम या मोजणीतून कसं निसटतं, ते दवाखान्यात जास्त स्पष्ट दिसतं. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांचं नाव महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको. कोकणात लाल विंचू चावून पोरं मरत होती. विषानं शरीरातली अ‍ॅड्रिनलिनसारखी द्रव्यं उसळतात, हृदयावर ताण येतो, फुप्फुसात पाणी भरतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात बसून त्यांनी रुग्ण टिपले, आणि रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी गोळी विंचूदंशात देऊन बघितली. १९८० च्या दशकात ते 'लॅन्सेट'मध्ये लिहीत होते, आसपास ना लायब्ररी ना झेरॉक्स मशीन. २०२२ साली पद्मश्री मिळाली. त्यांचे पेपर उद्धृत झालेत, भरपूर झालेत. पण गगनबावड्याकडच्या किंवा राधानगरीकडच्या एखाद्या वस्तीवरून रात्री आणलेल्या पोराला जो मेडिकल ऑफिसर ती गोळी देतो, तो खाली तळटीप लिहीत नाही. केसपेपरवर औषधाचं नाव, डोस, वेळ. त्या केसपेपरचं कुठलंही यंत्र सायटेशन धरत नाही.

ओआरएसचं तर याहून पुढचं आहे. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, बनगावला, कॉलरा पसरला. शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात मिसळून पिंपांतून लोकांना पाजायला सुरुवात केली. पाजायचं काम नातेवाइकांच्या हाती दिलं. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं ते साडेतीन टक्क्यांच्या जवळ आलं. १९७३ साली त्यांचा पेपर छापून आला. २०२२ मध्ये ते गेले, पद्मविभूषण मरणोत्तर मिळालं. साखरेसोबत मीठ आतड्यात ओढलं जातं ही प्रयोगशाळेतली गोष्ट आधीच माहीत होती, आतडं का गळतं ते डे यांनी दाखवलं होतं, छावणीत ते सगळं एका पिंपात आलं.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या कॉलेजची पथकं छावण्यांत गेली होती तेव्हा मी औषधांची खोकी मोजून द्यायला बसले होते. ओआरएसची पाकिटं हजारांनी गेली. शाळेच्या वर्गात सतरंजीवर बसलेल्या आजी नातवाला वाटीनं ते पाणी पाजत होत्या आणि आशाताईंना सांगत होत्या, "घोट घोटच देतोय बाई, एकदम दिलं की ओकतंय." बनगावच्या छावणीत नातेवाइकांच्या हाती दिलेलं काम तेच. पाकिटावर घटक होते, मुदत होती, किंमत होती. १९७३ चा संदर्भ कशाला असेल? एखादी गोष्ट इतकी अंगवळणी पडली की ती कुणी शोधली हे सांगायची गरज उरत नाही, तिथून पुढे तिचे सायटेशन्स आटतात. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टननं या प्रकाराला नावही देऊन ठेवलंय. अ‍ॅस्पिरिन देताना आज कुणी मूळ पेपर उद्धृत करतं का? आणि त्याच आशाताई जेव्हा बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचं वजन करतात, ऊब तपासतात, तेव्हा त्यामागे अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीच्या ३९ गावांत केलेलं आणि १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलेलं काम असतं. आशाताईंच्या पिशवीत वजनकाटा आहे, लॅन्सेट नाही.

म्हणून मी आजकाल फायलीत सायटेशन्सच्या तक्त्यामागे एक पान जास्तीचं लावते. वकीलकाकांच्या पद्धतीनं. पेपर कुठला, त्यावर पुढे कुणी आक्षेप घेतलाय का, तो कशासाठी वापरला गेला, कुठं वापरात आहे. बहुतेकांच्या बाबतीत हे पान अर्धंच भरतं. काहींच्या बाबतीत कोरं राहतं, तेव्हा फाईलवाले डॉक्टर रागावतात. पण मधेच एखादं असं भरतं की बघत बसावं.

असंच एक प्रकरण सध्या चालू आहे. आमच्याकडच्या एका डॉक्टरांनी एमडीला असताना साप चावलेले रुग्ण दवाखान्यात यायला किती उशीर होतो, तो वाटेत नेमका कुठं होतो, यावर थिसिस केला होता. देवऋषाकडे किती वेळ गेला, गाडी मिळायला किती, एका दवाखान्यातून दुसऱ्यात पाठवण्यात किती, असा साधा तक्ता. त्यावरून एक छोटा पेपरही निघाला, फारसं नाव नसलेल्या जर्नलमध्ये. सायटेशन्स शून्य. एच-इंडेक्सच्या हिशोबात तो पेपर नसल्यात जमा. पण थिसिसच्या रजिस्टरात बघितलं तर तो खंड सारखा बाहेर जातोय. पश्चिमेकडच्या डोंगराळ भागातल्या एका आरोग्य केंद्राचे मेडिकल ऑफिसर मागे येऊन त्या तक्त्याची चार पानं झेरॉक्स करून घेऊन गेले होते. पुढे कळलं की त्यांनी ती पानं गावच्या ग्रामपंचायतीत वाचून दाखवली आणि रात्रीची गाडी कुणाची न्यायची हे नावानिशी ठरवून फळ्यावर लिहून ठेवलं. साप चावलेला माणूस आता थेट लस असलेल्या दवाखान्यात जातो.

हे सगळं मी त्या जास्तीच्या पानावर लिहिलं. स्क्रुटिनीत सदस्यांनी ते पान वाचलं, म्हणजे वाचलं तरी. एकानं विचारलं, "याला पुरावा काय?" प्रश्न रास्त होता. मी त्या मेडिकल ऑफिसरना फोन केला. त्यांनी आरोग्य केंद्राच्या लेटरहेडवर चार ओळी लिहून, गोल शिक्का मारून, एसटीच्या पार्सलनं पत्र पाठवलं. ते फायलीला लावलं. फाईल परत आली. शेरा असा: सदर पत्र मराठीत असल्याने त्याची साक्षांकित इंग्रजी प्रत तीन प्रतींत सादर करावी, तसेच सदर उपयोग कोणत्या रकान्यात धरावा याचा खुलासा करावा.

इंग्रजी प्रती झाल्यात. रकान्याचं काय करायचं यावर डॉक्टरांचं आणि माझं अजून एकमत होत नाहीये. ते म्हणतात 'इतर' मध्ये टाका. मी म्हणते, नवा रकाना मागू.